पाण्याचं बटण

कणादनं माठाकडे बोट दाखवलं आणि तो म्हणाला, "पाणी."

वृषालीच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. पाच वर्षांच्या तिच्या पोराचा हा पहिला शब्द होता. पिठाच्या हातानंच तिनं त्याच्या वाचा-उपचार केंद्रात फोन लावला.

"ताई, तुमचा आनंद कळतो मला," तिथल्या थेरपिस्ट तळवलकर मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्या मेंदूचा स्कॅन झालाय ना? हा कधी बोलणार नाही, हे मशीननं तेव्हाच सांगितलंय. असे आवाज येतात नि जातात. त्या आवाजावर पाणी दिलंत, तर त्याच्याऐवजी बोलणाऱ्या टॅबची सवय मोडेल. मग बोलणंही नाही आणि टॅबही नाही. टॅबवरचं पाण्याचं बटण दाबलं तरच द्यायचं."

वृषालीनं पेला भरला आणि ओट्यावर लांब सरकवला.

"पाणी," कणाद म्हणाला. तिनं टॅब पुढे केला.

"आई, पाणी!"

तिनं डोळे पुसले आणि पुन्हा टॅबच पुढे केला. तो रडला, जमिनीवर लोळला, त्याचा घसा बसला. शेवटी त्यानं बटण दाबलं. टॅबमधून कुण्या परक्या मुलीचा गोड आवाज आला, "मला पाणी हवं आहे."

"शाब्बास!" वृषालीनं टाळ्या वाजवल्या आणि पेला त्याच्या तोंडाला लावला.

वर्षभरानं केंद्रात त्याची तपासणी झाली. कणादनं तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही.

"बघा, मशीननं सांगितलं तसंच झालं," मॅडम म्हणाल्या.

"हो ना," वृषाली म्हणाली. "तेव्हा तुमचं ऐकलं, ते बरं झालं."