मिठाचा शुक्रवार

"आज फक्त मीठ," रईसा म्हणाली. "बाकीचं पुढच्या शुक्रवारी."

खलफ रंगाऱ्याने मेव्हणीपुढे कागद नाचवला. "चौथा शुक्रवार आहे हा. एकदा हरभरे सांगितलेस, मग गहू, मग अंडी. दर वेळी हंडी बिघडते. सगळं एकदम सांग, मी लिहून घेतो."

त्याची बायको तुर्फा जाऊन दोन महिने झाले होते. शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी मावळतीला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसासाठी, ती जी हंडी करायची, तिची चव त्याला एकदा तरी पुन्हा हवी होती. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हंडी भट्टीत ठेवायची आणि शनिवारी दुपारी गरमागरम काढायची, अशी खलफच्या माणसांची रीत. तुर्फाची माणसंही यहुदीच, पण दुसऱ्या पंथाची; त्यांना ती पटत नसे. शब्बाथला घरात विस्तव नको, असं मोशेने लिहून ठेवलंय. म्हणून ती माणसं अंधारात बसत आणि गार जेवत.

लग्नाच्या करारातच घातलं होतं: त्याने तिच्या खोलीत दिवा लावायचा नाही, तिने त्याला गार वाढायचं नाही. तेहेतीस वर्षं दोघांनी करार पाळला आणि तेहेतीस वर्षं भांडण चालू ठेवलं. तो म्हणायचा, अर्धा धर्म गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात आलाय. ती म्हणायची, "कुठे लिहिलंय ते दाखवा." हंडी मात्र एकही शुक्रवार चुकली नाही. तिने स्वतः त्यातला घास कधी खाल्ला नाही.

"बरं, मीठ किती?" खलफने बोरू दौतीत बुडवला.

"ताईच्या मुठीने एक मूठ."

"तिची मूठ आता कुठून आणू?"

"म्हणून म्हणते, कागद ठेवा. हात पुढे करा."

निळीने कायमच्या निळ्या झालेल्या त्याच्या तळहातावर तिने मीठ ओतलं. डोळे बारीक करून पाहिलं. चिमूटभर काढलं, पुन्हा थोडं घातलं. रईसाच्या मुली तोंड दाबून हसत होत्या. तिचा नवरा ओट्यावरून म्हणाला, "साडूभाऊ, खजूर घ्या. बसा निवांत. सूर्याला अजून अवकाश आहे."

"कसला निवांत?" खलफ वैतागला. "लिहिलेलं नसेल तर पाणीसुद्धा न पिणारी तुम्ही माणसं. आणि एक हंडी लिहून देववत नाही?"

रईसाने मिठाचं भांडं खाली ठेवलं.

"ताई देणारच होती लिहून. आजारात मला दौत आणायला लावली. मग म्हणाली, राहू दे. कागद हातात पडला की ते दार लावून एकटेच शिजवत बसतील. तू तोंडी सांग, थोडं थोडं. दर शुक्रवारी माणसांत तरी येतील."

मुली हसायच्या थांबल्या.

सूर्य कलला तशी रईसा चूल विझवायला उठली. खलफने तिला थांबवलं. आपला कागद त्याने चुलीत टाकला आणि तो पुरता जळेपर्यंत पाहत राहिला.

"रईसा," तो म्हणाला, "हरभऱ्यांचं काय म्हणाली होतीस गं? विसरलो बघ. पुढच्या शुक्रवारी पहिल्यापासून सांग."