निळ्या माशाची जखम

निळ्या माशाचं तोंड पुन्हा सोलून निघालं होतं. वरच्या जबड्याची कातडी लोंबत होती, आतलं पांढरं दिसत होतं. दोसबोलने शेवाळाचा तुकडा पाण्यात सोडला. माशाने तो तोंडात धरला आणि टाकून दिला.

"आजही खात नाही," तो म्हणाला.

सापुरा दारात बुटांवरचं बर्फ झटकत होती. ती त्याची मेहुणी, त्याच्या बायकोची, बागिलाची धाकटी बहीण. करागांडा शहरातल्या इस्पितळात जन्मभर खाणकामगारांच्या जखमा बांधून निवृत्त झालेली.

"आधी माणसाची विचारपूस करावी, दाजी. एवढे जिने चढून आलेय. मासा काय पळून जाणार आहे?"

"पळणार नाही. मरेल."

ती कोट न काढताच टाकीसमोर बसली. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत ती टाकी बसवलेली होती. दोन्हीकडे काच. स्वयंपाकघराकडच्या काचेवर बाहेरून काळा कपडा होता.

"काय काय केलंत?"

दोसबोलने सांगितलं. दुकानदार म्हणाला किडे पडलेत, म्हणून औषध झालं. मग म्हणाला दगडांत खेकडा लपला असेल, तोच चावत असेल. तेव्हा एकेक दगड बाहेर काढून झाडला. शेवटी माशाला बादलीत ठेवलं, तर जखम भरत आली. टाकीत सोडला की पुन्हा तेच.

"माझ्याच हातून चुकतंय," तो म्हणाला. "मीठ जमत नाही मला."

समुद्राचं पाणी बागिला बनवायची. पाकिटातलं मीठ बादलीत ढवळायचं काम दोसबोलचं. ती बोट बुडवून जिभेला लावायची, रश्शाची चव घ्यावी तशी, आणि म्हणायची, "अजून मूठभर." खारटपणा मोजायचं यंत्र खोक्यातच पडून असायचं. समुद्र दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. "मग तुला कळतं कसं?" तो विचारायचा. "मासे हसतात," ती म्हणायची. आता तोही बोट जिभेला लावून बघायचा. खारट लागायचं, बस.

"बादलीत पाणी कुठलं होतं?" सापुराने विचारलं.

"यातलंच."

"मग मिठाला कशाला दोष देताय?" तिने कोपऱ्यातल्या नारिंगी जोडीकडे बोट केलं. "यांना काही झालंय?"

"नाही."

"रोग असता तर यांनाही झाला असता. याच्या अंगावर ओरखडा नाही, शेपूट शाबूत आहे. नुसतं तोंड फुटलंय. दाजी, हा आजार नाही, ही मारामारी आहे. असली तोंडं मी पगाराच्या दिवशी रांगेने बघितलीत."

"कुणाशी मारामारी? या दोघांचा जीव तो केवढा!"

सापुरा खाली वाकली. गाल काचेच्या कडेला टेकवून तिरकं आत बघत राहिली. मग म्हणाली, "इकडे या. निळे मासे किती?"

"एक."

"असं वाकून बघा."

"अगं, माझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मग बघू."

दोसबोल वाकला. पलीकडच्या काचेत दुसरा निळा मासा उभा होता. त्याचंही तोंड फाटलेलं. हा त्याच्यावर धावून गेला, तोही याच्यावर. टक् असा आवाज झाला. हा आवाज दोसबोल रोज ऐकत होता. त्याला वाटायचं, पंप वाजतोय.

"आत दिवा, मागे काळा कपडा. काचेचा आरसा झालाय," सापुरा म्हणाली आणि थांबली. "कपडा मीच लावला होता."

घरातलं माणूस गेलं की आरसे झाकतात. बागिला गेली त्या दिवशी बायकांनी घरातले सगळे आरसे झाकले. टाकीतही चेहरा दिसतो, म्हणून सापुराने तिच्या दोन्ही काचा झाकल्या. चाळिसाव्या दिवशी, विधी झाल्यावर, आरशांवरचे कपडे निघाले.

"हा काढायचा राहून गेला वाटतं."

"राहिला नाही. मी ठेवला."

काचेवर पुन्हा टक् झालं.

"मासा हवाय की कपडा?" सापुराने विचारलं.

दोसबोलने काळ्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाला, "काढ."

ती स्वयंपाकघरात गेली. कपडा ओढला तसा तिथल्या खिडकीचा उजेड पाण्यातून आरपार आला. निळा मासा काचेवर धावून गेला आणि मध्येच थांबला. इकडे वळला, तिकडे वळला. समोर कुणी नव्हतं.

खालची चिकटपट्टी सोडवायला सापुरा पलीकडच्या बुटक्या स्टुलावर बसली. पाण्यातून तिचा डोक्याचा रुमाल दिसत होता, पुढे झुकलेले खांदे, हनुवटी. बागिला तिथेच बसून बटाटे सोलायची. इकडे तो वर्तमानपत्र घेऊन. मध्ये पाणी. बोललेलं नीट ऐकू यायचं नाही, तरी दोघं बोलायची. कपडा होता तोवर ते रिकामं स्टूल दिसत नव्हतं.

सापुराने मान वर केली. "माझ्याकडे काय बघताय, दाजी? माशाकडे बघा."

"माशाकडेच बघतोय," दोसबोल म्हणाला.

मासा केव्हाच दगडाआड गेला होता. चिकटपट्टी निघाली होती. सापुरा स्टुलावरून उठली नाही.