पावशेर तुरीचा मुआयना

बन्सीधरपंतांनी ओसरीच्या मधोमध लिंबू ठेवलं आणि हात काढून घेतला. लिंबू जागचं हललं नाही.

"जमीन सपाट आहे," पंत म्हणाले. एवढं कबूल करतानाही त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी सागवानी खांब बोटांच्या पेरांनी वाजवले. भिंतींना नाक लावून ओल हुंगली. तहसिलीत तीस वर्षं पेशकारी करून झाल्यावर पंतांनी हे काम धरलं होतं. परभणीत कुणाला घर घ्यायचं झालं की आधी पंतांचा मुआयना व्हायचा. पंत नको म्हणाले की सौदा मोडला. त्यांच्यापुढे वशिला चालत नसे, चहा चालत नसे, आणि परक्या घरचं अन्न तर ते जिभेलाही लावत नसत.

घर शिवरुद्रप्पांचं. वेशीबाहेर, ठेसनाच्या रस्त्याला, अकरा खणांचं. पुढंमागं अंगण, परसात विहीर, एक चिंच आणि एक बेल. घर जुनं होतं, पण घराला ते कुणी सांगितलं नसावं. शिवरुद्रप्पांना थोरल्या भावानं हैदराबादला दुकानात बोलावलं होतं, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं होतं. बेल लावला होता त्यांच्या बायकोनं, सिद्धम्मानं. घर विकण्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

घेणारे वीरुपाक्षप्पा सोनपेठचे कापडाचे व्यापारी. तिथलं राहतं घर विकून रेल्वेजवळ यायचं त्यांनी ठरवलं होतं. हे घर त्यांना पाहताक्षणी आवडलं होतं, आणि ते लपवण्यासाठी ते सारख्या भुवया आवळत होते. सोबत बायको होती, भागम्मा. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. वीरुपाक्षप्पांना त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

"परसात चिंच चांगली नाही," पंत म्हणाले.

"तोडून टाकू की, पंत!" शिवरुद्रप्पा घाईनं म्हणाले.

"न्हाई तोडायची," स्वयंपाकघरातून सिद्धम्माचा आवाज आला. "लागती मला."

आता राहिली डाळ. पाणी जड असलं की तूर शिजत नाही, आणि जिथं तूर शिजत नाही ते घर घेऊन माणसानं करायचं काय? आधीची तीन गिऱ्हाइकं याच डाळीपाशी येऊन माघारी गेली होती.

"पंत, आमी रोज हेच पाणी वापरताव," शिवरुद्रप्पा काकुळतीला आले. "रोज वरण असतंय घरात. लोण्यावानी डाळ! गिऱ्हाईक आलं की हिरीला काय हुतंय, कळंना."

"विकणाऱ्याची डाळ नेहमीच शिजते," पंत म्हणाले.

पंतांचा कुणावरच भरवसा नव्हता. पावशेर तुरीची डाळ त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. पाणी स्वतः शेंदलं, डाळ स्वतः धुतली. मडकं तेवढं सिद्धम्माचं घेतलं, कारण आपलं भांडं परक्या चुलीवर चढवणं त्यांच्या सोवळ्यात बसत नव्हतं. मग ते खिशातलं घड्याळ समोर ठेवून अंगणात बसले. चुलीपाशी दोघी बायका राहिल्या. एक जाळ घालत होती, दुसरी बघत होती.

तासाभरानं सिद्धम्मानं पळसाच्या पानावर चार दाणे आणून ठेवले. पंतांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला. दाणा निसटला आणि वीरुपाक्षप्पांच्या पागोट्यावर जाऊन बसला. दुसरा त्याच्याही पलीकडे गेला.

"पाणी जड आहे," पंत म्हणाले. "नको."

"पंत, चाखून तरी बघा!" शिवरुद्रप्पा म्हणाले.

"परक्या घरचं?" पंतांनी हात धुऊन टाकले.

वीरुपाक्षप्पांचा जीव मात्र त्या अकरा खणांत अडकला होता. ते भागम्माकडे वळले. "तू बघ गं चाखून. बायकांच्या जिभेला कळतंय."

भागम्मानं एक दाणा तोंडात टाकला. चावला. मधेच थांबली. उंबऱ्याशी उभ्या सिद्धम्मानं आत जाऊन चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ते केव्हाच विझलेलं होतं.

"जड हाय," भागम्मा म्हणाली. "लय जड. लेकरांची पोटं दुखतील."

संपलं. वीरुपाक्षप्पांनी भुवया सैल सोडल्या. आता त्यांचा काही उपयोग नव्हता. "दुसरं बघू," ते गाडीवानाला बैल जुंपायला सांगत म्हणाले. "सोनपेठचं तर विकायचंच हाय." पंतांनी ओसरीवरचं लिंबू उचलून खिशात टाकलं. शिवरुद्रप्पा विहिरीवर वाकून आत बघत उभे राहिले. पाणी चांगलं नितळ दिसत होतं, त्यामुळे त्यांना त्याचा जास्तच राग आला.

निघताना कुंकू लावून घ्यायला भागम्मा आत गेली. सिद्धम्मानं करंडा पुढं केला. भागम्मानं कुंकू लावून घेतलं, दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अक्का, आयतवारी आमचं घर बघायला गिऱ्हाईक यायलंय, पंतांनाच घिऊन. पावशेर डाळीला मडक्यात चिंच किती लावायची?"