गाडीचं दावं

बॅगेची चेन सर्रकन ओढली गेली, तशी तुमारने मान वर केली.

"आत्ताच कशाला भरतोयस?"

"आज गाडी विकली गेली तर चुलतभावाच्या गॅरेजात भागी," तालाय म्हणाला. "नाही गेली तर गुरुवारच्या बसने मॉस्को, मजुरीला. मग दोन वर्षं नवऱ्याला फोनवर बघ."

"फोनवर निदान दाढी केलेला दिसतोस."

तो हसला. ती हसली नाही. कोपऱ्यात त्यांची पाच वर्षांची झिबेक बाहुलीला शाल गुंडाळत होती.

अंगणात लादी उभी होती. जुनी रशियन गाडी, पावाच्या लादीसारखी गोलसर, म्हणून अख्खा गाव तिला लादी म्हणायचा. तालायने ती आतून पार बदलली होती. उघडमिट पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, भिंतींच्या आत तुमारच्या आईने लोकर लाटून केलेला जाड नमदा. सीटखाली डिझेलचा हीटर. त्याचा धूर बाहेर नेणारी नळी हिवाळ्यात तडकली, तेव्हा तालायने नवी घातली आणि पट्ट्या आवळल्या. आता वीस वर्षं बघायला नको, म्हणाला.

त्यानंतरच्याच आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून दुपारची तुमार झिबेकला घेऊन लादीत हीटर लावून आडवी झाली होती. तालाय शहरात गेला होता. डोळा लागला आणि भिंतीवरचा भोंगा किंचाळला. मुठीएवढा होता तो. विषारी धूर साचला की ओरडायचा. तिने पोरीला उचललं आणि दार लाथेनेच उघडलं. बर्फात उभं राहून दोघी बराच वेळ खोकल्या. संध्याकाळी तालाय आला तो नाचतच. गिऱ्हाईक मिळालं होतं. तिने ताटं वाढली. सांगायचं राहून गेलं, आणि मग राहूच दिलं.

आज ते गिऱ्हाईक आलं. एर्मेक आणि त्याची बायको नाझिक. उन्हाळाभर मधमाश्यांच्या पेट्या घेऊन डोंगरात फुलांमागे फिरणारी माणसं. नाझिकच्या कडेवर तान्हं मूल होतं.

एर्मेक गाडीखाली शिरला. "पत्रा कुजलाय का हो दादा?"

"माझे दात कुजतील, पत्रा नाही!"

"दात तर दिसतायतच."

तालाय मोठ्याने हसला. तोवर नाझिक आत चढली होती. तिने बाळाला पलंगावर ठेवलं, नमद्यावर हात फिरवला.

"वर जूनमध्येसुद्धा बर्फ पडतो, वहिनी. तंबूत याला घेऊन कशी राहणार? याच्यासाठीच तर चाललंय सगळं. हीटर रात्रभर चालतो ना?"

"चालतो," तुमार म्हणाली. तेवढं खरंच होतं.

एर्मेकने दारातून डोकं घातलं आणि भिंतीकडे बोट केलं. "हे काय लावलंय?"

तालायने तोंड उघडायच्या आत तुमार पुढे झाली. तिने भोंगा फिरवून खिळ्यावरून काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"हे आम्ही ठेवून घेणार. दावं."

घोडा विकला तरी त्याचं दावं विकायचं नसतं. नाहीतर घराची बरकत घोड्यामागून चालू लागते. हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"गाडीला दावं!" एर्मेक म्हणाला. "लोक किल्लीचा गोंडा ठेवतात, फार तर आरसा."

"आमच्याकडे हेच."

तालायने तिच्याकडे पाहिलं. "घे ऐकून, भाऊ. माझी बायको माझ्या आजीपेक्षा म्हातारी आहे."

"ठेवा वहिनी, ठेवा. तुमची बरकत तुमच्यापाशी." एर्मेकने पलंगावर पाय झाडणाऱ्या बाळाकडे पाहिलं. "आमची आम्ही बरोबरच आणलीय."

पैसे मोजून दिल्यावर चहालाही ती थांबेनात. पेट्या आजच चढवायच्या होत्या. पण भाकरी न चाखता उंबऱ्यावरून कुणाला जाऊ देत नाहीत. तुमारने गरम भाकरी आणली. एर्मेकने तुकडा मोडला, नाझिकने मोडला, आणि बोटावर कणभर घेऊन बाळाच्या ओठांना लावला. मग एर्मेकने दोन्ही तळवे पुढे धरले.

"या घरच्या चुलीचा धूर कधी न खंडो."

सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तुमारचे हात खाली यायला जरा वेळ लागला.

लादी फाटकातून बाहेर पडली. "हुशार आहेस," तालाय तिच्या कानाशी म्हणाला. "घरातल्या कोळशाच्या शेगडीला उपयोगी पडेल तो भोंगा. मला सुचलंच नव्हतं." आणि आईला बातमी सांगायला तो पळत पलीकडच्या घरात गेला.

तुमार फाटकापाशीच उभी राहिली. कालव्याच्या वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि लादी थांबली. एर्मेक खिडकीतून हात काढून मेंढपाळाशी काहीतरी थट्टा करत होता. इथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने श्वास घेतला. मेंढ्या हळूहळू पांगत होत्या.

झिबेक येऊन तिच्या पायाला बिलगली.

"आई, ते बाळ आता लादीत झोपणार?"

"हो."

"आणि त्याची आईपण?"

"हो गं."

झिबेकने आईच्या एप्रनचा फुगलेला खिसा चाचपला.

"मग त्याच्या आईला कोण उठवणार?"