बाटलीतला पुदिना

वेणीमाधव सरांचा पारा सकाळपासूनच चढला होता. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत लेझरने रेणू फोडायचे, उडालेले तुकडे कुठे आदळतात त्याचं चित्र घ्यायचं आणि त्यावरून रेणू डावा की उजवा ते ठरवायचं, एवढंच तर काम! शहाजिऱ्यातला रेणू उजवा, पुदिन्यातला डावा. एक जणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. नाकाला मात्र फरक लगेच कळतो.

आणि शहाजिऱ्याचा म्हणून इराने भरलेला नमुना पडद्यावर पुन्हा पुन्हा डावाच दिसत होता.

"पुदिना भरलास तू!" ते कडाडले. "अक्कल गहाण ठेवून येतेस का?"

"शहाजिरंच आहे, सर." विद्यार्थिनी असली तरी इराचाही आवाज चढला. "आणि पडद्यावर उजवाच दिसतोय. नीट बघा तरी!"

"मला शिकवतेस?" त्यांनी बाटली हिसकावून नाकाशी धरली. पुदिना. ताजा, झणझणीत पुदिना. "घे, तूच हुंग!"

तिने हुंगलं. आरडाओरडा ऐकून आलेल्या दोघांनीही हुंगलं.

"शहाजिरं," तिघेही म्हणाले.

"सगळे मिळून मला वेड्यात काढताय!" ते तरातरा केबिनमध्ये गेले आणि त्यांनी डबा उघडला. बायकोने दिलेली पुदिन्याची हिरवीगार चटणी. तिच्यातून शहाजिऱ्याचा भपकारा आला.

संतापाने काळीज धडधडू लागलं. डॉक्टरांनी बजावलेलं आठवून त्यांनी छातीच्या डाव्या बाजूला हात दाबून धरला.

हाताखाली काहीच लागेना. धडधड उजवीकडून येत होती.