उभ्या उभ्या

चर्चच्या पाळकीणबाई आजींकडे उभ्या उभ्याच आल्या. हल्ली उपासनेला न दिसणाऱ्यांची विचारपूस करायची होती आणि अजून निम्मी घरं बाकी होती. पर्स खांद्यावर, हातात किल्ल्यांचा खुळखुळाट, एक पाय अजून दाराबाहेर.

"आजी, कितीतरी रविवार झाले, दिसला नाहीत!"

"काय सांगू बाई, डोळ्यांनी दगा दिला. आता हेच बघा ना..."

"बघायचं काय त्यात? चला, प्रार्थनाच करू," म्हणत बाईंनी डोळे मिटलेसुद्धा. आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या प्रभूला त्यांनी अगदी कळवळून विनवलं, मधेच एक डोळा किलकिला करून घड्याळ बघून घेतलं आणि आमेन म्हणता म्हणता त्या वळल्या.

"आमेन," आजी म्हणाल्या. "डोळ्यांचं प्रभू बघेल हो. तुम्ही एवढा दोरा ओवून द्या. कोटाचं बटण तुटलंय, थंडीत उघड्या कोटानं चर्चला कशी येऊ?"

सुई धरलेला आजींचा हात बाई आल्यापासून पुढेच होता. बाईंना तो आत्ता कुठे दिसला.