ओव्याची पुरचुंडी

तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी दवाखान्यातही द्वारकाबाईंच्या मुठीत तशीच होती. निफाडच्या गारठ्यात भल्या पहाटे नवऱ्याच्या, अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा गारवा भरला असेल म्हणून त्या अर्धा तास शेकत बसल्या होत्या. शेजारचे बोरस्ते सर दूध द्यायला आले, त्यांनी अण्णांना फुटलेला घाम पाहिला आणि कुणाचं न ऐकता गाडी काढली.

"थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीत दुखलं की शेकत बसायचं नाही. आणखी थोडा उशीर झाला असता, तर आजोबा हाती लागले नसते."

द्वारकाबाईंनी मान हलवली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर खाटेवरून अण्णा पुटपुटले, "तिचं काय ऐकतेस? तुझ्या शेकानंच बरं वाटलं बघ."

साठ वर्षांपूर्वी, अशाच पौषात, द्वारकाबाईंच्या आईनं त्यांच्या वडिलांची, बापूंची छाती शेकली होती. "आता बरं वाटतंय," म्हणून बापू झोपले, ते उठलेच नाहीत. आई पुढे जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या हातचा शेक घेऊन सुखानं गेले." सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

आता रडू येईल म्हणून द्वारकाबाई वाट पाहत बसल्या. ते आलं नाही. त्यांनी पुरचुंडी खाटेखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पदराला हात पुसले.

आईला अशी डॉक्टरीण कधी भेटली नाही, हे एक बरं झालं.